नकाशावर जळालेलं शेत

यंत्र आठला येणार होतं. थोरली सातपासूनच बांधावर येऊन उभी होती. आठाचे नऊ झाले, नवाचे साडेदहा झाले, ऊन डोक्यावर चढायला लागलं तेव्हा कुठे वळणावर धुरळा दिसला. भाताची धसकटं कापून, बारीक करून मातीत मिसळणारं ते भलंमोठं लाल धूड डुलत डुलत आलं, आणि तिच्या शेतापाशी जरासुद्धा हळू न होता सरळ पुढे निघालं.

थोरली धावली. चौपन्नाव्या वर्षी माणूस जसं धावतं तशी, एक हात गुडघ्यावर ठेवून. रस्त्याच्या मधोमध जाऊन आडवी उभी राहिली.

"अहो! पुढे कुठे चाललात? पेरणीचा वाफसा काय तुमच्यासाठी थांबणार आहे?"

यंत्रवाल्याने ब्रेक मारला. तो तोंडावर फडकं बांधून बसला होता. ते त्याने खाली ओढलं.

"ताई, बाजूला व्हा. तुमची पाळी रद्द आहे."

"रद्द? कुणी केली?"

"यादीत आलंय." त्याने खिशातून घामाने मऊ झालेला कागद काढला. "एकशे बारा नंबर. तुमचाच ना?"

"भावाचा. म्हणजे आमचाच."

"त्यापुढे लिहिलंय, 'जळित'. म्हणजे तुम्ही काडी लावून मोकळ्या झालात. जळालेल्या शेतात मी काय कापू?"

थोरलीने मागे वळून पाहिलं. साडेतीन एकरांत गुडघाभर धसकटं उभी होती, सोनेरी, ताठ. मध्ये दोन बगळे किडे टिपत फिरत होते.

"तुम्हाला डोळे आहेत ना? मग हे काय उभं आहे?"

यंत्रवाल्याने पाहिलं. चांगलं न्याहाळून पाहिलं.

"दिसतंय मला," तो म्हणाला. "पण मला दिसून काय उपयोग? मी यादीने चालतो. उद्या तुमच्या शेतात यंत्र घातलं, तर जळालेल्या शेतात डिझेल कशाला घातलं म्हणून माझी गच्ची धरतील. वरून दिसतंय त्यांना सगळं."

त्याने बोट आभाळाकडे केलं. थोरलीने नकळत वर पाहिलं. वर एक घार तेवढी होती.

तिला रस्त्यातून बाजूला व्हावंच लागलं.

घरात तीन माणसं. थोरली, तिचा धाकटा भाऊ आणि भावजय. थोरली विधवा होऊन माहेरी आली त्याला वीस वर्षं झाली होती, आणि आल्या दिवसापासून शेत तिच्याच अंगावर होतं, कारण धाकट्याची छाती लहानपणापासूनच कच्ची. धूळ चालत नाही, गारठा चालत नाही, धुराचं तर नावच काढू नका. सहा वर्षांपूर्वी स्वतःच्याच शेतातल्या जाळाने तो मरता मरता वाचला. डॉक्टर म्हणाले होते, "याला वाचवायचं असेल तर काडेपेटी शेतात नेऊ नका." तेव्हापासून थोरलीने नेली नाही. गाव हसलं. भात निघाल्यावर पुढच्या पेरणीला जेमतेम तीन आठवडे मिळतात. तेवढ्यात शेत मोकळं करायला काडी एवढा स्वस्त गडी दुसरा कुठे मिळणार? पण थोरली आपली कापत बसायची, आणि गेली दोन वर्षं यंत्राच्या पाळीसाठी अर्ज करायची.

बाकीचं गाव जाळायचंच. बंदी होती, उपग्रहाची नजर होती, तरी जाळायचं. उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो हे कुणीतरी शोधून काढलं होतं. गावात त्याला 'दीडची फेरी' म्हणत. "फेरी गेली का रे?" "गेली, लाव आता." तीन वाजले की एकेका शेतातून धुराचे खांब उभे राहायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नांगर फिरला की सगळी जमीन सारखीच काळी. वरच्याला काही दिसायचं नाही आणि खालच्याला काही विचारायचं नाही. तेवढा वेळ, तीनपासून दिवस मावळेपर्यंत, थोरली धाकट्याला आतल्या खोलीत कोंडायची, दाराच्या फटीत ओली पोती कोंबायची.

पण नऊ दिवसांपूर्वीचा तो धूर तीननंतर आला नव्हता. तो दुपारी सव्वा वाजताच आला. पलीकडच्या डोंगरावरचं रान तीन दिवस पेटलेलं होतं, आभाळ तांबूस झालं होतं, पण खाली गावात हवा बरी होती. म्हणून तर धाकटा ओट्यावर बियाणं निवडत बसला होता. थोरली मागे विहिरीवर होती. भावजयीची किंकाळी ऐकून ती आली तेव्हा ओट्यावर धुराचा पडदा उतरला होता आणि धाकट्याचे ओठ जांभळे पडले होते.

हाक मारायच्या आत बांधकरी आला. त्याचं शेत यांच्या बांधाला लागून, दोन पिढ्यांचा शेजार. धापा टाकत आला, परत पळाला, ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॉलीत गादी टाकली. धाकट्याला त्याने एकट्याने उचललं, लहान पोर उचलावं तसं. तालुक्याच्या दवाखान्यापर्यंतचा रस्ता खड्ड्यांचा. पण त्याने ट्रॅक्टर असा चालवला की जणू ट्रॉलीत काचेची भांडी आहेत.

"डोंगराचा धूर खाली उतरला," तो दवाखान्याच्या पायरीवर म्हणाला होता. त्याचे डोळे लालभडक झाले होते. "वारं फिरलं ना अचानक."

चार दिवस नाकात नळी घालून धाकटा पडून होता. चारही दिवस बांधकऱ्याच्या घरून डबा आला. थोरली मनात म्हणाली होती, सख्खा भाऊ असता तर याहून काय वेगळं करता?

*

यंत्र निघून गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी ती यादीवाल्याकडे गेली. कृषी कचेरीतल्या कोपऱ्यात त्याचं टेबल. टेबलावर संगणक, संगणकावर धुळीचा थर, आणि त्या धुळीत कुणीतरी बोटाने काढलेलं फूल. यादीवाला माणूस वाईट नव्हता. बसायला खुर्ची दिली. पण त्याला प्रत्येक वाक्य दोनदा बोलायची सवय होती, पहिल्यांदा माणसासाठी आणि दुसऱ्यांदा स्वतःची खात्री करायला.

"हा बघा ठिपका. हा ठिपका बघा." पडद्यावर हिरवा-करडा नकाशा होता आणि त्यात एक लाल ठिपका. "तारीख बघा. वेळ, एक वाजून चौतीस मिनिटं. तुमच्या एकशे बारा नंबरात बरोबर मधोमध."

"त्या वेळी मी दवाखान्याच्या रस्त्यावर होते. ट्रॉलीत भावाचं डोकं मांडीवर घेऊन."

"म्हणजे घरी कुणी नव्हतं. घरी कुणी नव्हतं म्हणजे मग कुणीही लावली असेल."

"अहो, पण शेत जळलेलंच नाही! धसकटं उभी आहेत. चला, दाखवते."

"स्थळपाहणीचा अर्ज द्यावा लागेल. अर्ज दिला की पंधरा ते वीस दिवसांत साहेब येतात."

"पंधरा दिवसांत पेरणीची वेळ जाईल."

"हो, ती जाईल," यादीवाल्याने मान्य केलं.

थोरलीने भावजयीच्या मोबाईलमधले फोटो पुढे केले. उभी धसकटं, बगळे, बांधावर हात कमरेवर ठेवून उभी ती स्वतः. यादीवाल्याने फोटो मोठे करून पाहिले.

"फोटो छान आलेत. पण शेत कुठलंही असू शकतं ना?"

"मी तर कुठलीही नाही ना? मी त्यात आहे!"

शेजारच्या टेबलावरचा माणूस हसला.  तिला वाटलं, हे हसू आता घरापर्यंत आपल्या पाठीला चिकटून येणार.

"ठिपका पुसा तेवढा," ती खालच्या आवाजात म्हणाली.

"ठिपका पुसता येत नाही, ताई. तो वरून येतो." यादीवाला पुढे झुकला. "हलवता येतो. पण हलवायचा तर कुठे, ते कुणीतरी सांगायला हवं. जाळ झालेला आहे, हे तर नक्की आहे. जाळ नक्की आहे म्हटल्यावर तो कुणाच्या तरी नावावर जाणारच."

*

मग तिने आणि भावजयीने विळे घेतले.

भाताची धसकटं विळ्याने कापणं म्हणजे दाढीचे खुंट नखांनी उपटण्यासारखं. भात कापणारं यंत्र वरचं खाऊन जातं आणि खाली वाळून तारेसारखं झालेलं देठ ठेवून जातं. वाकून मूठ धरायची, जमिनीलगत विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची. पहिल्या तासात बोटांच्या पेरांना चिरा पडतात. दुसऱ्या तासात त्या चिरांत माती जाते. दुपारी कंबर सरळ करायला गेलं की ती सरळ व्हायची नाही. मग दोघी नणंद-भावजया काटकोनात वाकलेल्या तशाच बांधापर्यंत चालत जायच्या आणि हात टेकून बसायच्या.

"वन्सं, दिवसाला किती झालं?" भावजयीने विचारलं.

"चार गुंठे असतील."

भावजयीने बोटं मोजली. मग मोजणं सोडून दिलं. "म्हणजे आपलं पेरून होईल तेव्हा गावाची कापणी चालू असेल."

थोरलीला हसू आलं नाही.

जाणारे-येणारे बांधावर थांबायचे. सल्ले फुकटचे असल्याने भरपूर मिळायचे. "ताई, नाव खराब झालंच आहे, मग काडी लावा की! एका गुन्ह्याला दोनदा शिक्षा नाही." दुसरा म्हणायचा, "सरकारी कागदावर जळालंय म्हणजे परवानगीच मिळाली म्हणा ना." ते काही दुष्टपणाने बोलत नव्हते. आणि खरं सांगायचं तर तिसऱ्या दिवशी दुपारी, उजव्या तळव्याला फोड फुटून विळ्याची मूठ चिकट झाली तेव्हा, थोरलीच्याही मनात तेच आलं. बुडती हे जन न देखवे डोळा वगैरे संतांना शोभतं. तिला फक्त पेरायचं होतं. एक काडी, अर्धा तास, की झालं. धाकट्याला तालुक्याला नेऊन बसवता येईल.

तेवढ्यात धाकटा स्वतःच विळा घेऊन आला. नाकातोंडाला रुमाल बांधला होता. चार मुठी कापल्या आणि पाचवीला तो खाली बसला, शिट्टीसारखा आवाज छातीतून यायला लागला.

"कुणी सांगितलं होतं तुला?" थोरली त्याच्यावर ओरडली. इतकी ओरडली की बगळे उडाले. "मरायचंच आहे तर मला आधी पेरून घेऊ दे, मग मर!"

बोलून गेली आणि तिचं तोंड कडू झालं. धाकटा उठला. विळा तिथेच ठेवून हळूहळू घराकडे गेला. भावजयीने संध्याकाळपर्यंत तिच्याशी शब्द काढला नाही.

*

जिल्ह्याच्या गावी धूर-निरीक्षण केंद्र आहे हे तिला दवाखान्यातल्या नर्सने सांगितलं होतं. छातीच्या रोग्यांसाठी तिथून रोज इशारे येत, उद्या हवा कशी असेल ते. थोरली सकाळच्या पहिल्या बसने गेली. दुसऱ्या मजल्यावर एक मोठी थंडगार खोली, भिंतीवर पडदे, आणि पडद्यांपुढे विशीतली वाटावी अशी एक मुलगी. केसांत पेन्सिल खोचलेली. दारावरचा शिपाई तिला नकाशेवाली म्हणत होता.

थोरलीला वाटलं होतं, इथेही अर्ज मागतील. नकाशेवालीने तिचे हात पाहिले आणि आधी पाणी दिलं.

"ठिपका म्हणजे आग नाही, मावशी," तिने पडद्यावर चौकोन आखून दाखवला. "हा उपग्रह फार उंचावरून बघतो. त्याला बारीक दिसत नाही. तो फक्त सांगतो, या एवढ्या चौकोनात कुठेतरी गरम लागलं. चौकोन केवढा? पस्तीस एकरांचा. ठिपका आपला मधोमध काढतात. ज्याचं शेत मध्ये, त्याच्या नावावर."

"म्हणजे आग कुणाचीही असू दे."

"कुणाचीही. आम्ही दर वर्षी लिहून कळवतो, ठिपक्यावरून नावं लावू नका म्हणून. पण यादी करायला सोपी पडते ना."

थोरलीला एकदम रडू आलं. राग आला म्हणून आलं. इतक्या लांब येऊन तिला पहिलं माणूस भेटलं होतं ज्याने तिचं खरं मानलं, आणि तेसुद्धा किती साधेपणाने.

"थांबा हं," नकाशेवाली म्हणाली. "बारीक नजरेचा एक उपग्रह आहे. तो रोज इकडून जात नाही. त्या दिवशी गेलाय का बघू." तिने बराच वेळ बटणं दाबली. "गेलाय. तुमचं नशीब. एक पन्नासला."

पडदा भरून चित्र आलं. थोरलीला काहीच कळेना. मग कळायला लागलं. ती त्यांची विहीर होती, शेंगदाण्याएवढी. ते चिंचेचं झाड. ती घराची पत्र्याची चमक. साडेतीन एकर, फिकट पिवळे, अखंड. जन्मभर ज्या जमिनीवर वाकून राहिली ती आज तिने पहिल्यांदा उभी राहून पाहिली होती.

"तुमचं शेत जळलेलं नाही, हे इथेच दिसतंय. आता धूर बघा. डोंगराचा धूर हा." नकाशेवालीने पेन्सिल काढून पडद्यावर फिरवली. डोंगरावरून निघालेला करडा पट्टा उत्तरेकडे, गावापासून उलट्या दिशेला चालला होता. "तो त्या दिवशी तुमच्याकडे आलाच नाही."

"पण आमच्याकडे धूर आला. घरात आला."

"आला ना. हा बघा. पांढरा आहे. सुक्या पेंढ्याचा असाच असतो. धुराला शेपटी असते, मावशी. रुंद टोक जिकडे गेला तिकडचं. बारीक टोक जिथून निघाला तिथलं."

रुंद टोक त्यांच्या घरावर पसरलेलं होतं. थोरलीने बोट ठेवून मागे मागे नेलं. ओट्यावरून अंगणात. अंगणातून बांधावर. बांध ओलांडून बारीक होत होत ते एका कोपऱ्यावर येऊन थांबलं, जिथे काळा डाग होता.

तो बांधकऱ्याचा कोपरा होता.

"ओळखीचं आहे का शेत?" नकाशेवालीने विचारलं.

थोरली म्हणाली, "चित्राची छापील प्रत मिळेल का?"

*

ती परतली तेव्हा दिवस कलला होता. घरी न जाता तशीच बांध ओलांडून गेली. बांधकरी अंगणात ट्रॅक्टरखाली पाठीवर झोपून काहीतरी आवळत होता. तिचे पाय ओळखून बाहेर सरकला.

"काय ताई? धाकट्याला बरं आहे ना?"

तिने कागद त्याच्या ग्रीसच्या हातात दिला. कागद त्याने उलटा धरला होता, तिने सरळ करून दिला.

"हे आमचं घर. हा धूर. ही शेपटी."

त्याने पाहिलं. मग पान्ह्याने चाकावर उगाच दोनदा ठोकलं.

"डोंगर पेटला होता, ताई. मला वाटलं, एवढ्या धुरात माझा धूर कोण ओळखतो. तीननंतर सगळं गाव लावतं, तेव्हा वारं तुमच्याकडेच असतं. म्हटलं दुपारी वारं तिकडे आहे, दोन एकराचा कोपरा उरकून घेऊ. तुमच्याच भल्याचा विचार केला होता मी. आई शप्पथ. मग वारं फिरलं."

"आणि पायरीवर मला सांगितलंस, डोंगराचा धूर."

"काय सांगणार होतो? नळी घातलेल्या माणसाच्या बहिणीला काय सांगतात?"

त्याचे दोन्ही मुलगे शहरात होते, बायको गुडघ्यांनी अधू, आणि यंत्राची पाळी त्याला मिळाली होती पेरणी संपल्यावरची. हे सगळं थोरलीला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच संताप धड बाहेरही पडेना आणि आतही राहीना.

"मी नाव घेणार नाही तुझं," ती म्हणाली. "तू स्वतः चल. उद्या सकाळी. स्वतः सांगितलं तर कमी करत असतील काहीतरी."

"येतो," बांधकरी म्हणाला. "येतो, ताई. चूक झाली ती झाली."

*

आणि तो आला, हेही सांगायला हवं. धुतलेला सदरा घालून आला. दोघं ट्रॅक्टरवरूनच गेले. वाटेत तो विहिरीच्या मोटारीबद्दल बोलत राहिला.

यादीवाल्याने चित्र पाहिलं, खुर्ची मागे सरकवली. "उत्तम. हे उत्तम झालं. म्हणजे ठिपका एकशे तेरामध्ये हलवायचा." मग त्याने एक छापील कागद काढून बांधकऱ्यापुढे ठेवला आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवला. जळितदार शेतकऱ्यास दोन हंगाम यंत्र नाही. दोन हंगाम अनुदानाचं बियाणं नाही. कालव्याच्या पाण्याची पाळी शेवटची. "कबुलीजबाब दिला म्हणून काही कमी?" थोरलीने विचारलं. यादीवाल्याने कागद उलटून पाहिला. "तसं काही छापलेलं नाही. नाही, छापलेलं नाही."

बांधकऱ्याने पेन घेतलं. टोपण काढलं. घाम सदऱ्यातून फुटला होता.

"तोंडाला कोरड पडली," तो म्हणाला. "पाणी पिऊन येतो."

पेन त्याने टेबलावर नीट आडवं ठेवलं आणि बाहेर गेला. थोरली बसून राहिली. पाच मिनिटं झाली. यादीवाल्याने एक फोन घेतला, एक कागद टाचला. मग खिडकीखाली ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. फाटकातून बाहेर पडून तो मोठ्या रस्त्याला लागला आणि लहान लहान होत गेला.

यादीवाल्यालाही ऐकू गेलं असावं. तो नजर टाळत म्हणाला, "बाई, सही त्यांचीच लागते असं नाही. तुम्ही नंबर सांगितला आणि चित्र जोडलं तरी चालतं."

थोरलीने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांवर चिंध्या गुंडाळल्या होत्या. या हातांना अजून कित्येक दिवसांचं काम पडून होतं, तेही पुरणार नव्हतं. तिला ट्रॉलीतली गादी आठवली. दवाखान्यातले डबे आठवले. मग डबे पाठवणाऱ्याचाच राग आला. डबे आले नसते तर आज किती सोपं गेलं असतं.

"एकशे तेरा," ती म्हणाली.

"मालकाचं नाव?"

तिने नाव सांगितलं. दोनदा सांगावं लागलं, कारण पहिल्यांदा ते टेबलापलीकडे पोचलं नाही.

ती बसने परत आली.

*

यंत्र तिसऱ्या दिवशी आलं. यंत्रवाल्याने तोंडावरचं फडकं खाली ओढून विचारलं, "काय ताई, जळालेलं शेत परत उगवलं वाटतं?"  थोरलीने त्याला बांध दाखवला, दगड कुठे आहेत ते दाखवलं. दुपारी तीनच्या आत साडेतीन एकर सपाट झाले. दोघींनी आठवडाभर हात सोलून कापलेला तुकडा कुठला आणि यंत्राचा कुठला, ओळखू येईना.

धुळीमुळे धाकट्याला आतच ठेवलं होतं. ती पाणी प्यायला घरात गेली तेव्हा तो खाटेवर उठून बसला होता.

"बांधकऱ्याचं पाणी शेवटी टाकलं म्हणतात," तो म्हणाला. "त्याची बायको रडत होती. हिला बांधावर भेटली."

"त्यानेच जाळलं होतं." थोरलीने तांब्या तोंडाला लावला. "तुझ्यावर आलेला धूर त्याचा होता. चित्र आहे माझ्याकडे."

"मला माहीत आहे."

तांब्या तिने खाली घेतला.

"ओट्यावरून त्याचा कोपरा दिसतो ना," धाकटा म्हणाला. त्याला सलग बोलता येत नव्हतं, तुकड्या-तुकड्यांनी बोलत होता. "काडी लावताना बघितलं मी त्याला. हात केला. नको, नको म्हणून. त्याने बघितलं. त्यानेही हात हलवला, हसला. त्याला वाटलं, मी आपला सहज हात हलवतोय."

"मग सांगितलं का नाहीस?" तिचा आवाज चढला. "मी कचेरीत हसू करून घेतलं माझं. जिल्ह्याला जाऊन आले. हे बघ, हात बघ माझे! एक शब्द बोलला असतास!"

"त्या दिवशी बोलायला दम नव्हता. आणि असता, तर तू मला त्याच्या ट्रॉलीत चढू दिलं असतंस?" धाकट्याने उशी पाठीशी सरकवली. "नंतर म्हटलं, त्याने नेलं, त्याने वाचवलं, फिटलं. पुढच्या वेळी कुणी न्यायचं मला, ताई? तू कचेरीच्या चार फेऱ्या मारून कंटाळशील, असं वाटलं होतं."

"मी कंटाळत नाही, हे तुला चौपन्न वर्षांत कळलं नाही?"

"पन्नास," तो म्हणाला. "मी पन्नासचा आहे."

तिला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. त्याला गदागदा हलवावंसं वाटलं, पण हलवण्याजोगं त्याच्यात काही नव्हतं. बाहेर ऊन उतरत होतं. मातीत अजून बोटभर ओल होती, उद्या परवापर्यंत टिकली असती, पुढे नाही. पेरणीयंत्र दर वर्षी बांधकऱ्याचं यायचं. या वर्षी ते येणार नव्हतं, हे कुणी सांगायला नको होतं.

थोरलीने कोपऱ्यातली पाटी घेतली, बियाण्याचं पोतं फोडलं आणि पाटी कमरेवर घेऊन बाहेर पडली. भावजय मागून बी मातीआड करायला हातकुळव घेऊन निघाली. पहिल्या कोपऱ्यापासून तिने हाताने फेकायला सुरुवात केली. मूठ भरायची, पाऊल टाकायचं, फेकायचं. चिंध्यांतून दाणे बोटांना टोचत होते. ती रागाने फेकत होती, मूठच्या मूठ, जणू कुणाच्या तोंडावर मारतेय.

घराची खिडकी जराशी उघडली.

"ताई," आतून धाकट्याचा आवाज आला. "दाट पडतंय. विरळ टाक जरा."

तिने वळून पाहिलं नाही. पण पुढची मूठ तिने विरळ टाकली.